सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली, मग एचपीएलसी कशाला?

जोडपं पूर्व विदर्भातलं, गरोदरपणाचा नववा आठवडा चालू. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिच्याकडे सिकलसेल वाहकाचं (दोनपैकी एकच जनुक सदोष, म्हणून स्वतःला आजार नाही) पिवळं कार्ड, त्याच्याकडे सोल्युबिलिटी टेस्टचा कागद: निगेटिव्ह. सोबत सासूबाई. "ह्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना मॅडम, मग बाळाला काही होणार नाही ना?"

सिकलसेलच्या पट्ट्यात हा प्रश्न सतत येतो आणि "काही होत नाही, जा निर्धास्त" हे उत्तरही तितकंच सर्रास मिळतं. ते उत्तर अर्धवट आहे. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस असेल तर द्रावण गढूळ होतं आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. एस आहे की नाही, एवढंच ती सांगते. वाहक की ग्रस्त (दोन्ही जनुकं सदोष, म्हणजे प्रत्यक्ष आजारी) हेसुद्धा तिला कळत नाही.

एचबीबी हा जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतो. हिमोग्लोबिनमधली बीटा ग्लोबिन ही १४६ अमिनो आम्लांची साखळी त्याच्यावरून बनते. सिकलसेलमध्ये साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतं, रेणूंचे लांब धागे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषात बिघाड त्याच जनुकात, पण तऱ्हा वेगळी. साखळी बनतेच कमी, किंवा अजिबात बनत नाही. ही टंचाई सोल्युबिलिटीला दिसत नाही.

नवऱ्याच्या पिशवीत जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६४, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २०.३, तांबड्या पेशी ६१ लाख. 'रक्त कमी आहे' म्हणून त्याला लोहाच्या गोळ्याही दिल्या गेल्या होत्या, फरक शून्य. खरं तर नजर जायला हवी होती ती शेवटच्या आकड्यावर. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात तशी त्यांची संख्याही सहसा घटते. इथे पेशी लहान आणि संख्या मात्र भरपूर. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागलं, ६४ भागिले ६.१, की साडेदहा येतात. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया वाहकाचा संशय घ्यायचा. हा फक्त संशय, निकाल एचपीएलसीचा, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून प्रत्येकाचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा. दोघांचीही केली. तिचं एस ३६ टक्के, ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) ५७ टक्के, म्हणजे सिकल वाहकच. त्याचं ए२, हे एरवी थोडंसंच असणारं हिमोग्लोबिन, निघालं ५.४ टक्के. साडेतीन-चारच्या वर गेलं की थॅलेसेमिया वाहक धरतात.

"पण आमच्या घरात कोणालाच हा आजार नाही," सासूबाई म्हणाल्या. वाहकाला त्रास नसतोच, म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या कळतही नाही. दोष कोणाच्या घरचा, हा विषय तिथेच थांबवावा लागतो, नाहीतर पुढचं काही ऐकलंच जात नाही.

बाळाला आईकडून एक एचबीबी मिळतो, वडिलांकडून एक. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता निर्दोष बाळाची, एक सिकल वाहकाची, एक थॅलेसेमिया वाहकाची आणि एक सिकल-बीटा थॅलेसेमियाची. या शेवटच्या प्रकारात एसला झाकायला चांगलं हिमोग्लोबिन उरतच नाही किंवा अगदी थोडं उरतं. वडिलांचा डीएनए तपासला तेव्हा एचबीबीतला आयव्हीएस १-५ नावाचा दोष निघाला. भारतात सर्वांत जास्त आढळणारा हा दोष तीव्र गटातला. एससोबत आला तर दुखण्याचे झटके, वारंवार जंतुसंसर्ग, असा जवळपास सिकलसेल ग्रस्तासारखाच आजार.

गर्भतपासणीसाठी वेळ हातात होता. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा छोटा तुकडा घेतात, ते हुकलं तर १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल. आईबापांच्या दोषांची नावं आधी ठाऊक असावी लागतात, नाहीतर प्रयोगशाळेने शोधायचं काय? म्हणून दोघांचं रक्त ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) आधीच पाठवायचं. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो, त्याची वेगळी चाचणी होते, ती केली का हे विचारून घ्यावं. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात या तपासणीला परवानगी आहे, लेखी संमती लागते, बाळाचं लिंग सांगत नाहीत. निकाल प्रतिकूल आला तर पुढे काय, हे दोघांनीच ठरवायचं, पण तपासणीच्या आधी त्यावर बोलून ठेवलेलं बरं.

निकाल आला: थॅलेसेमिया वाहक. बाळाची एचपीएलसी वर्षभरानंतर, कारण सुरुवातीचे महिने गर्भातलं एफ हिमोग्लोबिनच जास्त असतं आणि ए२ नीट कळत नाही. तिच्या लोह-फॉलिक गोळ्या चालूच. वाहक असली तरी गरोदरपणात लोह कमी पडू शकतं. त्याने मात्र फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची चाचणी) कमी आल्याशिवाय लोह घ्यायचं नाही. निघताना त्याने विचारलं, धाकट्या बहिणीचं लग्न जमतंय, तिचं काय? तिचीही एचपीएलसी करायची, सीबीसीसकट, आणि नुसत्या सोल्युबिलिटीच्या कागदावर थांबायचं नाही. ती वाहक निघाली तर होणाऱ्या नवऱ्याचीही.