कॅमेरा बंद, तरी हजर

ऑनलाइन कोर्स करणारी मुलं फिरून फिरून एकच गोष्ट सांगतात: पडद्यावर साठ नावं, पण आपण एकटेच. देवगडजवळच्या वाडीतली एक मुलगी तर माझ्याशी बोलली तेव्हा कोर्स सोडायच्या बेतात होती. रेंज फक्त पडवीच्या टोकाला, आणि कॅमेरा लावला की आवाज तुटणार.

"मॅडम, मी असलंय काय नि नसलंय काय, कोणाक काय फरक पडता?"

"वर्गातल्या किती जणांचा आवाज ओळखतेस?"

"एकाचोय नाय."

"आणि तू कुणाला नाव घेऊन उत्तर दिलंयस?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी तेपण नाहीतच."

गाठ इथे सुटली. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षण-संशोधकांनी २००० साली ऑनलाइन वर्गाला तीन गोष्टी लागतात असं मांडलं: शिकवणाऱ्याचं असणं, विचारांचं असणं आणि एकमेकांचं असणं. तिसरीचा संबंध लोक थेट कॅमेऱ्याशी लावतात. मला ते कधीच पटलं नाही. आपलं बोलणं धरून कुणी पुढे बोललं की माणूस जाणवतो, चेहरा दिसो न दिसो.

तिला एवढंच करायला सांगितलं: चार जणांच्या गटात चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाक, आणि आठवड्यात दोघांना नाव घेऊन, त्यांचंच एखादं वाक्य पकडून उत्तर दे. नुसतं 'छान' चालणार नाही. पहिल्या मेसेजमध्ये तिच्या आवाजापेक्षा पत्र्यावरचा पाऊसच जास्त होता. गुहागरच्या मुलाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे पण लाईट गेली?" पुढच्या भेटीत कोर्स सोडायचा विषय तिने काढलाच नाही.

शिक्षकांकडून होणारी मोठी चूक म्हणजे दर तासाला नवे गट. गटात बोलायच्या पाच मिनिटांतली दोन 'आवाज येतोय का?' मध्येच जातात, आणि ओळख होईतो गट मोडतो. चार-पाच जणांचा एकच गट निदान चार आठवडे ठेवा. ओळख करून देताना 'नाव, शिक्षण' विचारू नका, 'खिडकीतून आत्ता काय दिसतंय?' विचारा. प्रत्येक शंकेवर स्वतः तुटून पडू नका. दिवसभर थांबा, मुलांना एकमेकांना उत्तरं देऊ द्या. कॅमेऱ्याची सक्ती नको, नावाच्या जागी फोटो पुरतो. आणि पावसाळ्यात ज्याची लाईट गेली, त्याला त्या दिवशीचा तास तीन ओळींत सांगायचं काम गटातल्याच एकाकडे द्या.