रात्री शेतात पाणी द्यायला जाताना लांब पल्ल्याची छोटी टॉर्च कोणती घ्यावी? ऑनलाइन आठशे रुपयांत ५०,००० लुमेन, २ किमी पल्ला लिहिलेली चालेल का?

नाही, तो आकडा निव्वळ थाप आहे. चारचाकीच्या साध्या हॅलोजन बल्बचा अप्परचा उजेड १,६५० लुमेनच्या आसपास असतो. म्हणजे मुठीतल्या टॉर्चमध्ये तसले तीस बल्ब कोंबलेत, असं त्यांचं म्हणणं.

मी बालाघाटाच्या पायथ्याला शेती करतो. पंपाची थ्री फेज वीज रात्रीची असली की हरभऱ्याला दारं धरायला जावंच लागतं, त्यामुळे हे सगळं वापरून बघितलेलं आहे. लांबचं बघायचं तर लुमेन नाही, कँडेला बघा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोताची धार. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला येतो: ४०,००० कँडेला म्हणजे ४०० मीटर. दोन किलोमीटरला दहा लाख कँडेला लागतील! बरं, हा पल्लाही कुठवर मोजतात, तर उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथवर. तिथं काहीतरी हललं एवढं कळतं. रानडुक्कर आहे की शेजाऱ्याची कालवड, ते नाही. म्हणून छापलेल्या पल्ल्याचा अर्धाच धरून चाला. आपल्या पाच-सात एकराला ३००-४०० मीटरवाली भरपूर झाली.

धार रिफ्लेक्टरच्या रुंदीवर ठरते, त्यामुळे लांब मारणाऱ्या टॉर्चचं डोकं थोडं मोठं असणारच. तोंड पुढं-मागं सरकवायची झूमवाली मला पटत नाही. त्या सरकत्या जोडातून पाणी शिरतं, आणि आपलं काम चिखलातलं. आयपीएक्स ७ लिहिलेली घ्या, ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते.

पण खरं सांगू का, बांधावर धोका लांब नसतो, पायापाशी असतो. अरुंद झोतात समोरची लिंबं दिसतात आणि पाचोळ्यातली घोणस राहून जाते. त्यात निळसर पांढऱ्या उजेडात माती, पाचोळा आणि साप सगळं एकाच रंगाचं वाटतं. म्हणून डोक्याला बांधायची, पसरट आणि किंचित पिवळसर उजेडाची एक दिवटी वेगळी ठेवा. फावड्याला दोन्ही हातही मोकळे राहतात. गमबूट आहेतच.

सेल १८६५० किंवा २१७०० मापाचा, काढता येणारा बघा. १८६५० वर ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलं असेल तर दुकानदाराला परत द्या, चांगल्यातला चांगला ३,५०० च्या आसपास असतो. असा सेल हजार लुमेनवर जेमतेम तास-सव्वा तास पुरतो. तेवढ्यातही टॉर्च तापली की स्वतःच उजेड कमी करते, तो बिघाड समजू नका. आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या सीटवर उन्हात टाकून ठेवू नका, लिथियम सेल लवकर बसतो.