कळ, ठणका, आग : उपशामक सेवेच्या पहिल्या पाठाविषयी

प्रश्न : मी इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षांपासून परिचारिका आहे. कर्करोगाचे उपचार थांबवलेले रुग्ण आमच्या विभागात अलीकडे बरेच येतात. ‘यांना पॅलिएटिव्ह केअर द्या’ असे कागदावर लिहिलेले असते, पण म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. नोकरी सोडून शिकायला जाणे मला शक्य नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक परिचारिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, या रुग्णांचे कर्करोगावरील उपचार थांबले असतील, परंतु वेदना, धाप, मळमळ, जखमेची दुर्गंधी, उडालेली झोप आणि घरच्यांची धास्ती यांवरचे उपचार थांबलेले नसतात, पुष्कळदा ते सुरूच झालेले नसतात. ते करणे म्हणजे उपशामक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर. ती केवळ कर्करोगासाठी नाही आणि केवळ अखेरच्या दिवसांसाठीही नाही. हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णालाही ती लागते, आणि मूळ आजाराचे उपचार चालू असतानाच ती सुरू करायची असते.

सुरुवात ऐकण्यापासून करा, आणि या बाबतीत तुमच्याजवळ एक साधन आधीच आहे. आपल्या इंदूरात मराठी घरातल्या आजी डॉक्टरांशी हिंदीत बोलतात. त्या ‘बहुत दर्द है’ एवढेच सांगतात, कागदावर ‘वेदना आहे’ एवढेच उतरते, आणि सुनेला घरी त्यांनी जे सांगितले होते ते सगळे वाटेत गळून जाते. ‘बाई, मराठीत सांगा, कसं दुखतं?’ एवढे तुम्ही विचारले, तर उत्तर निराळे येते. ठणका लागतो, असे कोणी म्हणाले तर सूज, पू किंवा गाठीचा ताण आहे का ते पाहावे. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखे होते, पदराचा स्पर्शही सोसवत नाही, असे शब्द आले तर मज्जातंतू दुखावलेला असण्याची शक्यता असते. अशी वेदना नेहमीच्या गोळ्यांनी पुरेशी कमी होत नाही आणि डॉक्टरांना ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन यांसारख्या औषधाची जोड द्यावी लागते. पोटात पीळ पडतो, मुरडा येऊन जातो, असे असेल तर आतड्यातला अडथळा किंवा साधा, पण दुर्लक्षित, बद्धकोष्ठ आठवावा. कूस बदलताना किंवा पाऊल टाकताना कळ येत असेल तर आजार हाडात उतरला आहे का, हे विचारावे, कारण तेथे रेडिओथेरपीच्या एकाच मात्रेनेही अनेकांना आराम पडतो. एका शब्दावरून निदान होत नाही. पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, ते मात्र कळते.

वेदना किती, हे शून्य ते दहा या आकड्यांत विचारण्याची पद्धत आहे. जुन्या पिढीच्या माणसांना ती अवघड जाते. त्यांना मी ‘रुपयातले किती आणे दुखते?’ असे विचारते. ‘आज बारा आणे’, ‘काल चार आण्यांवर आलं होतं’ अशी उत्तरे सहज मिळतात. रुग्णाचा शब्द, जागा, वेळ आणि आणे, एवढे चारच रकाने एका वहीत आखा.

या वहीची किंमत मला लोकमान्यनगरातल्या एका घरी कळली. स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरलेल्या एका आजींना मीच मॉर्फिनच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा लिहून दिल्या होत्या. त्यांच्या सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत पेन्सिलीने आणे मांडून ठेवले होते : सकाळी नऊला चार, दुपारी एकला बारा, रात्री अकराला पाच आणि पहाटे साडेतीनला चौदा. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरीही ‘सकाळ, दुपार, रात्र’ या हाताच्या सवयीने लिहिले होते, आणि त्या चुकीचा हिशेब त्या चौकटींत स्पष्ट दिसत होता. दर चार तासांनी गोळी आणि मध्यरात्री उठावे लागू नये म्हणून झोपताना दुप्पट मात्रा, असा बदल केल्यावर पहाटेचे चौदा आणे तिनावर आले. मग आजी म्हणाल्या, ‘आता ठणका नाही, पण मांडीला आग होतेच.’ तोवर ती आग ठणक्याखाली झाकलेली होती. तिच्यासाठी वेगळे औषध दिले.

लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातील समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या सेवेचे केंद्र, सुरू केले. वेदना शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते, ही त्यांची मांडणी आजही पहिल्या धड्यात शिकवली जाते. तुमच्या वहीत म्हणूनच एक पाचवी ओळ असू द्या : ‘आणखी काय सलते आहे?’ धाकट्या मुलीचे लग्न, दवाखान्याचे कर्ज, गावी राहिलेला भाऊ, अशी उत्तरे येतील. सगळी तुम्हाला सोडवता येणार नाहीत. ती वहीत मात्र हवीत.

परिचारिकेच्या हातचे म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. उघड्या, कुजणाऱ्या जखमेला वास येत असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाका. वास कमी झाला की नातवंडे पुन्हा खोलीत येऊन बसतात. दुसरे, तोंडाची निगा. कोरडी जीभ आणि पांढरे चट्टे यांमुळे जेवण तुटते, आणि ते कोणी तोंड उघडून पाहिले तरच दिसते.

अभ्यासक्रमाविषयी : १९९४ मध्ये स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संघटना डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते, त्यातला बराचसा अभ्यास नोकरी सांभाळून घरी करता येतो. त्रिवेंद्रमची पॅलियम इंडिया ही संस्था ऑनलाइन वर्गही घेते आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे निवासी प्रशिक्षणही देते. आधी ऑनलाइन करा, पण पुढे कधीतरी रजा साठवून दहा-बारा दिवस गृहभेटी करणाऱ्या पथकाबरोबर फिराच. दुसऱ्याच्या घरात चटईवर बसून बोलणे पडद्यावर शिकता येत नाही.

प्रश्न : राजवाड्याजवळ माझा दवाखाना आहे. मॉर्फिनविषयी मला भीती वाटते : व्यसन लागेल, श्वास थांबेल, कायद्याचे लचांड मागे लागेल. ही भीती कितपत खरी आहे?
— एक तरुण डॉक्टर, इंदूर

उत्तर : आपल्या माळव्यात, मंदसौर आणि नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचलाच सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाना आहे. तेथून काही तासांच्या अंतरावर इंदूरातला रुग्ण त्याच अफूपासून होणाऱ्या औषधावाचून रात्र काढतो, हे मला अजून सहन होत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने निरनिराळ्या परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने ती बरीच सुटली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवता येतात. मात्र तेथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. आपला मार्ग असा : आधी प्रशिक्षण, आणि तोवर मान्यता असलेल्या संस्थेशी जोडून घेणे.

श्वासाची भीती मात्रेने सुटते. पूर्वी असे औषध न घेतलेल्या प्रौढाला बहुधा ५ मिलिग्रॅम, थकलेल्या वृद्धाला २.५ मिलिग्रॅम, तोंडाने, दर चार तासांनी, आणि मग वहीतले आणे पाहून हळूहळू वाढ. श्वास मंदावण्याआधी बहुधा झापड येते. झापड, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि हातापायांचे झटके दिसले की मात्रा फेरतपासावी, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. वेदनेसाठी देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन क्वचित लागते. शरीर औषधाला सरावते, ही गोष्ट वेगळी. म्हणून ते एकाएकी तोडू नये. आणि पहिल्याच चिठ्ठीत रेचक लिहा. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही, आणि त्याला कंटाळून रुग्ण गोळ्या सोडून देतात.

प्रश्न : घरचे म्हणतात, ‘आईला काही सांगू नका, ती खचेल.’ अशा वेळी काय करावे?
— एक समाजसेविका, तिलकनगर

उत्तर : मुलाशी वाद घालू नये. तो आईला जपतो आहे, हे आधी मोकळेपणाने म्हणावे, आणि मग ‘त्यांनी स्वतः विचारले तर मी खोटे बोलणार नाही, पण न विचारलेले लादणारही नाही’ असे त्याला सांगून ठेवावे. आईजवळ बसल्यावर आजाराचे नाव घेण्याआधी ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ असे विचारावे. बहुतेकींना पुष्कळ ठाऊक असते. नंतर विचारावे, ‘आणखी जाणून घ्यायचंय, की मुलाशीच बोलू?’ दोन्ही उत्तरे मान्य करावीत.

एका बाईंनी मला माघात विचारले होते, ‘चैत्रगौरीपर्यंत असेन का मी?’ मी आकडा सांगितला नाही. ‘असं का विचारावंसं वाटलं?’ असे विचारले. हळदीकुंकवाला त्यांना आपल्या पाटल्या स्वतःच्या हाताने नातीच्या हातात घालायच्या होत्या. मी म्हटले, ‘मग चैत्राची वाट नका पाहू.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली.