सुई टोचली की आधी सांग

प्रिय मुली,

काल फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मॅडम, मागच्या महिन्यात सुई टोचली होती, पण रक्त लगेच थांबलं." रक्त थांबलं म्हणून तू निर्धास्त झालीस. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

मीही डेंटल इंटर्न असताना हेच केलं होतं. ओपीडी संपल्यावर ट्रे आवरताना गॉजखाली दडलेली सुई बोटात गेली. सर रागावतील म्हणून गप्प बसले आणि पुढचे सहा महिने साधा ताप आला तरी घाबरत होते. ती भीती तुझ्या वाट्याला यायला नको.

टोचल्यावर बोट पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. पेशंटला संमती विचारून त्याचंही रक्त तपासायला द्यायचं. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एचआयव्ही रोखणारी औषधं मिळतात. ती शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करायची आणि 28 दिवस घ्यायची. संसर्ग असलेल्या पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात 6 ते 30. तुझे तिन्ही डोस झालेत ना? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, पाहिला होतास? तो किमान 10 mIU/mL हवा. हिपॅटायटिस सीला लसच नाही, तिथे वेळेवर तपासणी हाच आधार.

वापरलेल्या सुईला टोपण घालू नये हे खरं. पण आपल्याला त्याच पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागते, म्हणून टोपण लागतंच. ते एका हाताने घाल. टोपण ट्रेवर आडवं ठेव, सुई त्यात सरकव, उभी कर, मगच दाबून बसव. दुसरा हात त्या वेळी लांब. हॅण्डपीसमधला बर, म्हणजे दात कोरायचं टोकदार पातं, काम झाल्या झाल्या काढ; लाइटकडे हात नेताना तो मनगटाला ओरखडतो. आणि ज्याने सुई वापरली त्यानेच ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. ट्रे धुणाऱ्या मावशींना आत काय आहे ते दिसत नाही, आणि त्यांना लस दिली आहे का हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारतही नाही. तू विचार.

औषधांची वेळ टळली आहे, तपासणीची नाही. उद्याच सिव्हिलला जा. एकटीने जायची भीती वाटत असेल तर सकाळी नऊला सीबीएस बसस्थानकावर थांब, मी येते.

तुझी,
मॅडम