पायाळू बाळाचा खुबा

प्रश्न : माझी नात साडेतीन महिन्यांची आहे. ती पायाळू असल्याने सुनेचे सिझेरियन करावे लागले. लंगोट बदलताना बाळाची डावी मांडी उजवीइतकी बाहेर उघडत नाही, पण ती रडत मात्र नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाई मालिशने पाय मोकळा करू म्हणतात, तर सून एक्स-रे काढू म्हणते. आम्ही काय करावे? (एक आजी, सातारा)

उत्तर : आपण अगदी नेमके टिपले आहे. बाळ रडत नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका, कारण तान्हेपणी खुबा निखळलेला असला तरी तो दुखत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या वाटीत नीट बसला नाही, तर वाटी उथळ राहते आणि मूल चालू लागल्यावर लंगडते. मुलींमध्ये, पायाळू बाळांमध्ये आणि डाव्या बाजूला हा दोष अधिक आढळतो. आपल्या नातीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळून आल्या आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांच्या हाताला सांध्याचा सैलपणा जाणवतो, पण तिसऱ्या महिन्यानंतर तो बहुधा जाणवत नाही आणि मांडी न उघडणे हीच मोठी खूण उरते. (दोन्ही खुबे निखळलेले असतील, तर तुलनेला चांगली बाजूच नसल्याने ही खूणही सहज निसटते.)

या वयात गोळा बराचसा कूर्चेचा असल्याने तो एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, म्हणून खुब्याची सोनोग्राफी करावी, आणि तीही याच आठवड्यात. मांडी जोर लावून उघडू देऊ नका. त्याने गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. दोष निघालाच, तर सहा महिन्यांच्या आत पाव्हलिक हार्नेस हा मऊ पट्ट्यांचा साज बहुतेकदा पुरेसा ठरतो. त्यात बाळाचे गुडघे वर आणि फाकलेले राहतात, तरी बाळ पाय हलवू शकते. तो सुरुवातीला जवळजवळ दिवसरात्र ठेवावा लागत असल्याने घरच्यांची कसोटी लागते, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो काढू नये. उशीर झाला, तर भूल देऊन सांधा बसवणे आणि कंबरेपासून प्लास्टर घालणे, आणि दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

न्हाऊ झाल्यावर पाय सरळ करून दुपट्यात गच्च बांधणे आजपासून थांबवा. मान धरू लागल्यावर मांड्या फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी रीत खुब्याला चांगलीच आहे. सोनोग्राफी निर्दोष आली, तरी सहाव्या महिन्याच्या सुमारास एक एक्स-रे काढून घ्या.