छोटा पीसी जोडताय? आधी मापं घ्या

केस, म्हणजे पीसीची बाहेरची पेटी, दिसायला आवडली म्हणून लगेच घेऊन मोकळे होऊ नका. आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, बाकी सगळं त्याच्या मापाने ठरतं. कार्डाची लांबी सगळेच बघतात, फसगत होते ती उंचीत. पॉवरची केबल बहुतेक कार्डांना वरच्या कडेला लागते. तिला वळायला जागा नसली की झाकण दाबून बसवावं लागतं आणि कनेक्टरवर ताण येतो. सोळा पिनांच्या कनेक्टरची काळजी तर जास्तच घ्या, तो नीट न बसल्याने वितळल्याची उदाहरणं आहेत. कार्डाच्या उंचीत केबलसाठी तीन-चार सेंटिमीटर वेगळे धरा, मगच केस निवडा.

छोट्या पीसीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड 170 बाय 170 मिलिमीटरचा. त्यावर रॅमचे बहुधा दोनच स्लॉट असतात, म्हणून रॅम पहिल्यांदाच पुरेशी घ्या. पॉवर सप्लाय एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, आणि तो चांगलाच घ्या.

फ्रेमवर्क कंपनीचा 2025 चा छोटा डेस्कटॉपही बघून ठेवा. त्यातली 128 जीबीपर्यंतची मेमरी ग्राफिक्सलाही वापरता येते, त्यामुळे घरी मोठी एआय मॉडेल्स चालवायला तो उत्तम. पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, नंतर वाढवता येत नाही. सुटे भाग बदलत राहायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: स्वतः जोडा.

एएमडीचा रायझन प्रोसेसर घेतलात तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, 65 वॅटचा, कमी वीज खाणारा इको मोड लावून बघा. बहुतेक कामांत वेग थोडासाच उतरतो, उष्णता मात्र बरीच कमी होते. नागपूरच्या मे महिन्यात हे करायलाच हवं.