सॉफ्टबॉलमध्ये मुलीचे सगळे फटके वर उडून झेल जातात. मागचं कोपर वर ठेवलं तर फरक पडेल का?

नाही पडणार. उलट बारा वर्षांच्या मुलीचं कोपर खांद्याच्या रेषेत नेऊन धरलंत, तर चेंडू अजून उडतील.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दोन वर्षं क्रिकेट खेळून यंदा शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आली, उजव्या हाताने खेळते, फटका लागतो पण झेल होतो, आणि सर 'कोपर वर, बॅट वरून खाली' याच्या पलीकडे काही सांगत नाहीत. महागडी कंपोझिट (कार्बन फायबरची) बॅट घ्यावी का, हेही विचारलंय. बॅटचं नंतर बघू. आधी ते कोपर खाली आणू या, कारण शालेय स्पर्धांत हल्ली पालकसुद्धा कुंपणाबाहेरून 'कोपर वर गं!' म्हणून ओरडतात आणि माझं डोकं फिरतं.

चेंडू वर उडतो कारण बॅट त्याच्या पोटाखाली लागते. सॉफ्टबॉलचा परीघ १२ इंच, म्हणजे व्यास पावणेचार इंचांहून जरा जास्त. बॅटची जाडी जास्तीत जास्त सव्वादोन इंच. दोन्ही गोल, त्यामुळे मध्यापासून इंच-दीड इंच खाली लागलं की चेंडू इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावर चढलाच. आता बॅट खाली जाते कशी ते बघा. कोपर कितीही उंच धरा, स्विंग सुरू झाला की ते बरगडीजवळ येणारच, यायलाच हवं. मोठ्या खेळाडूची कंबर आधी वळते, आणि कोपर व हात एकत्र तिच्या मागोमाग येतात. लहान मुलीच्या पोटात-पाठीत तेवढा जोर नसतो. तिचं कोपर धपकन पडतं, हातांच्या पुढे पळतं, त्याच्याबरोबर मागचा खांदा खचतो आणि बॅटचं जाड टोक मनगटांखाली लोंबकळत मागे राहतं. मग ते विहिरीतून बादली वर यावी तसं खालून वर येतं आणि चेंडूच्या बुडाला लागतं. कोपर जितकं उंच, तितकी ही पडझड मोठी.

मग कोपर ठेवायचं कुठे? सैल सोडल्यावर जिथे राहील तिथे. दोन्ही मुठी मागच्या खांद्याच्या उंचीवर, खांद्यापासून चार-सहा इंच लांब. बॅट साधारण ४५ अंशांत तिरकी, खांद्यावर टेकलेली नको आणि डोक्यामागे वळलेलीही नको. एवढं केलं की कोपर आपोआप जमिनीकडे झुकतं. त्याच्याबद्दल यापुढे एक शब्दही बोलू नका.

क्रिकेटमधून आलेल्या मुलीचं खरं दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं, आणि त्याची सुरुवात हातांच्या नावांपासून होते. क्रिकेटमध्ये उजव्या फलंदाजाचा डावा हात 'वरचा', कारण बॅट खाली लोंबते. सॉफ्टबॉलमध्ये बॅट उभी असते, म्हणून मुठीच्या बोंडाजवळचा तोच डावा हात 'खालचा' होतो. सर म्हणतात 'वरच्या हाताने ढकल', मुलगी डाव्या हाताने ओढते, आणि दोघांनाही कळत नाही की बिनसलं कुठे. सरळ डावा-उजवा म्हणा. डावा हात बोंड चेंडूच्या दिशेने आणतो, उजवा शेवटी ढकलतो. चेंडू लागतो त्या क्षणी उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. क्रिकेटमध्ये पुल मारताना चेंडू खाली ठेवायला मनगट लवकर उलटवायची सवय लागलेली असते. इथे मनगट उलटतं ते चेंडू बॅटवरून सुटून गेल्यावर. ग्रिप बोटांत हवी, तळव्यात नको. दार ठोठावताना वापरतो ती बोटांची मधली पेरं दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की मनगटं मोकळी राहतात.

आणि पाय. लेगला सरकून जागा करणं क्रिकेटमध्ये चालतं. इथे पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे, म्हणजे लेगच्या बाजूला, गेला की कंबर वेळेआधीच उघडते आणि बाहेरचा चेंडू बॅटच्या शेंड्याला लागतो. पाऊल पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, दिशेने, पाच-सहा इंचच, पंजाच्या आतल्या कडेवर अलगद. टाच टेकली की कंबर वळायची, त्याआधी नाही.

तिचं नेमकं काय चुकतंय हे फाउलवरून, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या फटक्यांवरून, कळतं. सरळ मागे, कॅचरच्या (इथली यष्टिरक्षक) डोक्यावरून जाळीत गेला तर वेळ बरोबर आहे, फक्त बॅट खालून जातेय. पहिल्या बेसच्या, म्हणजे ऑफच्या, बाजूला उंच उडत असेल तर उशीर होतोय, किंवा बॅट जड आहे. तिसऱ्या बेसकडे जमिनीवर घसरत असेल तर मनगट लवकर उलटतंय किंवा हात लांब फेकले जातायत. तीन सामन्यांतले फाउल वहीत टिपा, कोपराच्या उंचीपेक्षा त्यातून जास्त कळेल.

उशीर असेल तर हातांना घाई करायला लावू नका, पाय लवकर उचलायला सांगा. महिलांच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट. ताशी ९५ किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी, प्लेटवर असतो. शाळेच्या पातळीवर वेग बराच कमी असतो, पण सवय तीच लावायची: पिचरचा हात चक्रात डोक्यावर आला की आपलं वजन मागच्या पायावर, आणि हात कमरेजवळ येऊन चेंडू सुटेपर्यंत आपलं पुढचं पाऊल टाकून झालेलं. चेंडू सुटल्यावर पाय उचलणारी मुलगी कायम मागे पडते, मग धावपळीत खांदा पाडते, आणि सर पुन्हा कोपरावर येतात.

आता 'वरून खाली'. ही शिकवण टिकून आहे कारण जिल्हा पातळीवर ती जिंकून देते. मैदान उंचसखल, बेस ६० फुटांवर, क्षेत्ररक्षण कच्चं. टप्पे खात गेलेला चेंडू कुणाच्या तरी पायांतून सुटतोच. ढाल शाळेत येते आणि पद्धत बरोबर ठरते. त्याच मुली राज्य स्पर्धेत जातात तेव्हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) तोच चेंडू आरामात उचलून पहिल्या बेसवर देते. मग म्हणायचं, मुलीच दबावाखाली आल्या! दबाव कसला? पिचरकडून येणारा चेंडू थोडा उतरत येतो. बॅट वरून खाली आली तर दोघांच्या वाटा एकाच बिंदूत छेदतात. क्षणभर चुकलं की हुकला किंवा माथ्यावर लागला. बॅटचं टोक लवकर चेंडूच्या रेषेत शिरलं आणि अगदी किंचित चढत तिथेच राहिलं, तर थोडं लवकर किंवा थोडं उशिरा झालं तरी फटका लागतो. मागच्या पायाने 'किडा चिरड' हेही त्याच जातीचं. पाय जागेवर गरगर फिरवला की वजन मागेच अडकतं. टाच उचलली जाऊन अंगठ्याची बाजू किंचित पुढे घसटली पाहिजे.

घरी करायचं काम सोपं आहे. जुन्या रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पीव्हीसी पाइप उभा करा आणि वर रबरी नळीचा तुकडा बसवा, झाली चेंडू ठेवून मारायची टी. समोर जुनी चादर किंवा जाळी टांगा. टी पोटासमोर ठेवू नका, बरेच लोक हीच चूक करतात आणि मुलीला उशिरा मारायला शिकवतात. मधल्या चेंडूसाठी टी पाऊल टाकल्यावर पुढचा पाय जिथे येतो त्या रेषेत हवी, आतल्यासाठी त्याच्याही चार-सहा इंच पुढे, बाहेरच्यासाठी तेवढीच मागे. झेल जाणाऱ्या मुलीसाठी टी छातीच्या उंचीवर लावा. हात किंवा खांदा पडला तर पाइपलाच बॅट बसते, दुसरं कुणी ओरडायची गरज नाही. पहिले दोन दिवस पाइपचे हाल होतील, होऊ द्या. तीन-चार दिवसांनी चेंडूचा वरचा अर्धा भाग फुटला पाहिजे अशा बेताने समोर सरळ रेषेत मारायला सांगा. हात लांब फेकत असेल तर बॅटचं बोंड बेंबीला आणि शेंडा भिंतीला टेकेल एवढ्या अंतरावर उभं करून भिंतीला न लावता स्विंग करायला लावा. हा प्रकार आठवड्यातून दोनदाच, नाहीतर मुलगी हात पोटाशी आवळूनच मारायला लागते. आठ-आठ स्विंगचे सहा संच, प्रत्येक स्विंगनंतर पाय मागे घेऊन पुन्हा उभं राहायचं. दमल्यावर केलेले दोनशे स्विंग म्हणजे चुकीचाच सराव.

बॅटबद्दल. कंपोझिट नको, आत्ता तर अजिबात नको. ३० इंची, १९ औंसांच्या म्हणजे साधारण ५४० ग्रॅमच्या आसपासची अ‍ॅल्युमिनियम बॅट पुरते. डाव्या हाताने बोंडाजवळ धरून खांद्याच्या रेषेत बाजूला आडवी धरायला सांगा. वीस-तीस सेकंदांच्या आत थरथरून खाली आली तर ती बॅट जड आहे. शाळेच्या किटमधली जुनी लाकडी बॅट बहुधा याच परीक्षेत नापास होते, आणि मग सगळा दोष कोपराला. दुसरी मिळेपर्यंत मूठ बोंडापासून इंचभर वर धरू द्या.

तुमच्या मुलीला मी खेळताना पाहिलेलं नाही, त्यामुळे यातली कुठली चूक तिची हे फाउलच सांगतील. समोरची पिचर लॉब, म्हणजे उंच आणि संथ चेंडू, टाकत असेल तर चेंडू जास्त उतरत येतो. तिथे थोडं थांबून मारलं तरी झेल कमी होतात, स्विंग बदलायची गरज नसते. धावांची गरज असताना, तिसऱ्या बेसवर धावपटू असताना, सर जमिनीवर मार म्हणाले तर तिने मारावं. तो डावपेच आहे. कोपरात दुखत असेल तर आठवडाभर बॅट बाजूला.

सरांशी मैदानात वाद घालू नका, संघ तेच निवडणार. २००८ आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या फलंदाजांचे व्हिडिओ मोबाइलवर हळू गतीने लावा. उभ्या राहण्याची ढब प्रत्येकीची वेगळी दिसेल. मग चेंडू बॅटला लागतो त्या फ्रेमवर थांबवा आणि मागचं कोपर कुठे आहे, ते सरांनाच विचारा.